मदत हवी आहे: अप्पांसाठी हिमोडायलिसिस (सेंटरला मशीनवर रक्त शुद्ध करणं) की घरचं सीएपीडी (पोटातून घरीच करायचं डायलिसिस)?

अप्पा ६४, शुगर २० वर्षं, किडन्या गेल्यात, क्रिएटिनिन ८ च्या वर. ट्रान्सप्लांट हार्टमुळे नाही म्हणालेत, त्यामुळे तो सल्ला प्लीज नको. डाव्या हातात फिस्टुला (हिमोची सुई टोचायला ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्या) करून दीड महिना झाला, हातावर कान ठेवला की घूंघूं ऐकू येतं. पण सेंटर ४० किमी, आठवड्यातून तीनदा चार-चार तास, आणि मी नोकरीला बाहेर, आईला गाडी येत नाही, अप्पा तर म्हणतात एकदा सुई टोचली की दिवस गेलाच.

डॉक्टर म्हणाले सीएपीडी पण चालेल, पोटात नळी, दिवसाला ३-४ वेळा डायलिसिसच्या पाण्याची दोन लिटरची पिशवी बदलायची, लाइट गेली तरी अडत नाही. भीती पेरिटोनायटिसची, म्हणजे पोटात इन्फेक्शन होण्याची. घर जुनं, मातीच्या भिंती, एक खोली मात्र फरशीची करून घेतलीय. पाण्यात ग्लुकोज असतं म्हणून शुगर वाढते हेही विचारून झालं, इन्सुलिन अ‍ॅडजस्ट करू म्हणाले.

खेड्यात घरी सीएपीडी करणाऱ्यांनाच विचारतोय: पिशव्या बदलायला आईसारखी साठीची बाई शिकू शकते का, किती दिवसांत? महिन्याला सगळं धरून किती पडतं? आणि इन्फेक्शन झालंच तर पहिल्यांदा कशावरून लक्षात आलं?