बोटांना घट्टे पडलेत तरी पान कळतं, पण पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, असं का होतंय?

निपाणीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमची आई कित्येक वर्षं बिडी वळतीय. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा, ह्यात अंगठा आणि शेजारच्या बोटाची कातडी पार टणक झालीय. भाकरी तव्यावर हातानंच परतते, चटका बसत नाही म्हणते. पण पान कुठं चिरलंय, कुठं शीर जाड आहे हे तिला न बघता कळतंय, बोलत बोलत बाजूला काढते. एकाच बोटाला हे दोन्ही कसं काय? आणि हल्ली चप्पल पायातनं निसटते तरी तिला पत्ता नसतो, तशीच चार पावलं पुढं जाते. तेपण घट्ट्यांमुळंच का?

खानापूरची_आक्का:
दादा, हे दोन वेगळे विषय आहेत, एकत्र धरू नका. घट्टा म्हणजे कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा थर जाड झालेला. स्पर्श ओळखणारी टोकं त्याच्या खाली असतात, ती शाबूत आहेत. साधारण ४३ अंशाच्या वर गेलं की भाजल्याची जाणीव देणारे तंतू जागे होतात, पण जाड थरातनं तेवढी आच खाली पोचायच्या आत भाकरी परतून झालेली असते. पानाचं म्हणाल तर ती नुसतं धरत नाही, त्यावरनं बोट फिरवते की! त्यानं जी बारीक थरथर होते ती घट्ट्यातनंही आत जाते. खोलवर कांद्यासारखे पापुद्रे असलेल्या बारक्या गाठी असतात, पॅसिनियन म्हणतात त्यांना, त्या ती पकडतात. वर्षानुवर्षं तेच काम केल्यानं मेंदूही त्यात तयार झालेला असतो. मला तर ह्या बायकांच्या हाताचं फार कौतुक वाटतं.

चिकोडी_सायन्सवाला:
भारी प्रश्न. घरी करून बघा, डोळे मिटायला सांगून बोटाच्या टोकावर दोन बोथट काड्या २-३ मिलिमीटर अंतरानं टेकवा, दोन आहेत हे कळतंय. पाठीवर मात्र ३-४ सेंटीमीटर लांब असल्या तरच दोन वाटतात, नाहीतर एकच. दाब पेशीला कळतो कसा हे शोधल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत. पिएझो नावाची प्रोटीन्स आहेत, दाबली की त्यांचं दार उघडतं आणि विद्युत संदेश सुरू होतो.

खानापूरची_आक्का:
पायाचं राहिलं बघा, आणि खरं महत्त्वाचं तेच आहे. आईंची शुगर कधी तपासलीय का? शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की सगळ्यात लांब नसा आधी मार खातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासनं होते, हात नंतर. डॉक्टर नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवतात, तो १० ग्रॅम दाबाला वाकतो, तो कळला नाही तर पायाला जखमेचा धोका आहे असं समजतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी असंच होतं, त्यामुळे तेपण बघा, आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी खूप वर्षं चालू असेल तर नक्कीच. अंगावर कुठं फिकट, बधिर चट्टा असेल तर तोही दाखवा, कुष्ठरोगातही नसा जातात, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

निपाणीचा_पोरगा:
शुगर कधी बघितलीच नाही आक्का. पाय दुखत नाहीत म्हणते, म्हणून आम्ही गप्प होतो.

खानापूरची_आक्का:
दुखत नाही म्हणूनच लवकर जायचं. काचेचा तुकडा शिरला, फोड आला तरी त्यांना कळणार नाही. तोवर रोज रात्री तुम्हीच तळवे बघा, बोटांच्या बेचक्यासकट. अनवाणी फिरू देऊ नका आणि पाय शेकायला गरम पाण्यात ठेवू देऊ नका, पाणी किती तापलंय ते पायाला समजत नाही. चप्पल मागं पट्टा असलेली घ्या. काय निघालं ते इथं सांगा.