लिबर्टेरियन म्हणजे टाय लावलेला अराज्यवादी?

तलावपाळीकर (धागा काढणारा):
रविवारी आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत टँकरवरून वाजलं. वॉचमन खालच्या टाकीत बांबू घालून ओला भाग वितींनी मोजत होता, दोन वितीही भरेना. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "पाणी बाजारातूनच घेतोय, मग कर कशाला भरायचा? सरकार हवंय कुणाला?" कॉलेजातला एक पोरगा हसला, "काका, तुम्ही तर अराजकवादी!" काका उखडले. "मी लिबर्टेरियन आहे, सरकार कमीत कमी असावं म्हणणारा. बॉम्बवाला नाही."

माझ्या मते दोघं एकाच झाडाची फळं. ('अराजक' म्हटलं की आपल्याला गोंधळच दिसतो, म्हणून मी अराज्यवाद म्हणतो, म्हणजे राज्यसत्ताच नको हा विचार.) फरक फक्त सरकार किती छाटायचं याचा. १९७४ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने पोलीस, न्यायालय आणि करारपालन यापुरतं राखणदार राज्य ठेवलं. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मरे रॉथबार्डने तेही बाजारावर सोडलं. मग रॉथबार्ड अराज्यवादी नाही तर कोण?

गावठाण_घणसोली:
'किती' सोडा, 'कुणाचं' ते विचारा. स्वतःला उघडपणे अराज्यवादी म्हणवणारा पहिला माणूस फ्रेंच विचारवंत प्रुधाँ. १८४० च्या ज्या पुस्तकात त्याने ते म्हटलं, त्यातच मालमत्ता म्हणजे चोरी हेही म्हटलं. कसणाऱ्याचा ताबा त्याला चालतो, घरबसल्या खंड खाणारी मालकी चालत नाही. रॉथबार्डचं गणित उलटं: पहिल्यांदा ज्याने जमीन कसली ती त्याची, मग त्याने ती विकावी नाहीतर भाड्याने द्यावी. ही दोघं एका खोलीत पाच मिनिटं टिकली नसती.

आणि 'लिबर्टेरियन' हा शब्द मुळात आमच्याकडचा. जोझेफ देजाक या फ्रेंच अराज्यवाद्याने १८५७ मध्ये तो वापरला, तोही प्रुधाँला झापताना, बायकांबद्दलच्या त्याच्या बुरसट मतांवरून. अमेरिकेतल्या बाजारवाल्यांनी तो पुढे शंभरेक वर्षांनी उचलला.

करार_वाशी:
शब्द कुणाचा का असेना, माल आमचा आहे. तुमच्याच भागातलं बघा ना. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर उरण भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमीन राजीखुशीने, ठरवलेल्या भावाने घेतली असती तर गोळी चालली असती का? अन्यायाने घेतलेली मालकी दुरुस्त झाली पाहिजे, हे नोझिकनेच लिहून ठेवलंय. शरद जोशी जन्मभर तेच सांगत होते: सरकारने शेतकऱ्याच्या मानेवरून उठावं. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्यांना कुणी अराज्यवादी म्हटलं?

गावठाण_घणसोली:
राजीखुशी कुणाची विचारणार? ज्याच्या नावावर सातबारा त्याची. मिठागरात राबणाऱ्याच्या नावावर काय होतं? खाडीत डोल लावणाऱ्याच्या नावावर? खाडी कुणा एकाची नव्हती. कुणी कुठे जाळं लावायचं हे आजोबांच्या वेळी तोंडी ठरलेलं असायचं, तंटा गावकीत मिटायचा. क्रोपोटकिन या रशियन अराज्यवाद्याने १९०२ मध्ये 'परस्पर साहाय्य' म्हणून जे मांडलं ते आमच्याकडे जेटीवर चालू होतं. तुमचं स्वातंत्र्य सातबाऱ्यावर सुरू होतं आणि तिथेच संपतं.

नौपाड्याची_वकील:
गावकी! दादा, गावकीने वाळीत टाकलेली घरं मी पाहिली आहेत. लग्नाला कुणी नाही, मयताला कुणी नाही. महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला तो काय हौस म्हणून? वाळीत टाकायला पोलीस लागत नाहीत, सोडवायला लागतात. आणि करारवाले, तुमची सोसायटीसुद्धा १९६० च्या सहकारी संस्था कायद्यावर उभी आहे. उद्या काकांनी मेंटेनन्स थकवला तर वसुलीला कुणाकडे जाल, रॉथबार्डकडे?

करार_वाशी:
खासगी लवाद असतो की.

नौपाड्याची_वकील:
असतो. त्याचा निवाडा कुणी पाळला नाही तर अंमलबजावणीला परत कोर्टातच यावं लागतं. रोजचं काम आहे माझं.

तलावपाळीकर:
गावठाणदादा, 'किती' हे माझं उत्तर कच्चं निघालं, मान्य. पण मग १९१६ मध्ये बनारसला गांधीजी "मीही अराज्यवादी, पण वेगळ्या जातीचा" असं म्हणाले, ते कुठे बसवायचं? त्यांच्याकडे ना बाजार, ना जप्ती, उलट श्रीमंताने आपली मालमत्ता समाजाचा विश्वस्त म्हणून सांभाळायची. विनोबाही शासनमुक्तीच मागत होते, पण जमीन हात जोडून मागत फिरले.

असो, आमचं भांडण आता पुढच्या पायरीवर गेलंय. काका म्हणतात टँकरचा खर्च चौरस फुटावर वाटा. पोरगा म्हणतो, ज्याची जेवढी ऐपत तेवढे त्याने द्यावे, आणि पाणी मात्र माणशी वाटावं. बुधवारी सभा आहे. वकीलताई, नियम काय सांगतो?

नौपाड्याची_वकील:
दोन्ही नाही. आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचं शुल्क घरातल्या नळजोडांची संख्या आणि त्यांचा आकार यांवर.

गावठाण_घणसोली:
म्हणजे सरकारने माणसं सोडून नळ मोजले. काकांकडे किती आहेत?

तलावपाळीकर:
सात. माणसं दोन. पोराच्या घरी नळ चार, माणसं सहा.