मे महिन्यात हिमाचल: सासूबाई, दोन मुलं, नऊ दिवस. सल्ला हवा

मेथीलाडू
मंडळी, यंदा सुट्टीत गावी न जाता हिमाचल बघायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगा ११, मुलगी ७ आणि सासूबाई (६८, गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी). मेचा मधला आठवडा धरून नऊ दिवस, पुण्याहून जायचा-यायचा प्रवास वेगळा. एका टूरवाल्याने दिलेला बेत: सिमला २, मनाली ३, धरमशाला २, डलहौसी १, अमृतसर १. मला वाचतानाच गाडी लागली. मुलाला नदी आणि काहीतरी थरारक हवंय, मला जुनी देवळं आणि लाकडी घरं बघायचीत, सासूबाईंना एकदा बर्फाला हात लावायचाय. काय ठेवू, काय गाळू?

घाटमाथा
धरमशाला, डलहौसी, अमृतसर गाळा. सिमलाही गाळा. आता श्वास घ्या.

नऊ दिवसांत दोनच मुक्काम करा: पाच दिवस बंजार-तीर्थन भागात, चार दिवस मनालीच्या अलीकडच्या नग्गरला. दोन्ही कुल्लू जिल्ह्यातच, मधला प्रवास अर्ध्या दिवसाचा. मंडीहून मनालीकडे जाताना औट गावाशी मोठा बोगदा लागतो. त्यात न शिरता बाजूने वळलात की बंजारचा रस्ता. सगळी गर्दी बोगद्यातून सरळ मनालीला जाते, आपण वळायचं.

बंजारहून पुन्हा दोन फाटे. एक गुशैणीला, तीर्थन नदीच्या काठाने. दुसरा जिभी, शोजा करत जलोडी खिंडीत. तिथले लोक खिंडीला 'जोत' म्हणतात. उंची दहा हजार फुटांच्या वर, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट, पण गाडी थेट माथ्यावर जाते. तिथून सेरोलसर तळं पाचेक किलोमीटर, जंगलातून चालत. वाट चढ-उताराची असली तरी छातीवर येणारी नाही, अकरा वर्षांचा सहज करेल. सात वर्षांची निम्म्यात 'बाबा, कडेवर' म्हणेल, तयारी ठेवा. काठावर बूढी नागिणीचं देऊळ आहे. तळ्यात पान पडलं की एक पक्षी ते उचलून नेतो असं सांगतात. मुलांना पक्षी शोधायला बसवा, तुम्हाला अर्धा तास निवांत मिळेल.

तळ्याच्या विरुद्ध बाजूला रघुपूर गड. चढ जरा खडा, वर मोठं कुरण आणि पडक्या भिंती. आपल्याकडचे गड पाहिलेल्याला गड म्हणून काही वाटणार नाही. कुरणासाठी जा.

निवृत्त_टीसी
तिकिटाचं आधी बघा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० गेले. मेमधलं तिकीट मार्चमध्येच काढायचं, सकाळी आठच्या ठोक्याला. पुण्याहून झेलम एक्सप्रेस अंबाल्याला सोडते, मुंबईहून पश्चिम एक्सप्रेस. अंबाल्याहून बंजारला टॅक्सीचा अख्खा दिवस जातो. ज्येष्ठ बाई बरोबर आहेत, तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या घाट नको. एक रात्र अंबाला किंवा चंदीगडला काढा. नंतर 'काकांनी सांगितलं नाही' म्हणू नका.

रस्सावाटी
घाटमाथा साहेब, तुम्हाला मनालीचा राग काय आहे? मुलांना सोलंगला पॅराग्लायडिंग आणि पिर्डीचं राफ्टिंग सोडून कुठे पानं वेचायला पाठवता! शिवाय बर्फ. जलोडीला मेच्या मध्यात बर्फाची काहीच खात्री नाही, सासूबाई काय तळ्यात हात घालणार?

घाटमाथा
बर्फाचा मुद्दा मान्य. त्यासाठी नग्गरहून पहाटे निघून मनालीच्या पुढचा अटल बोगदा (९.०२ किमी, २०२० मध्ये सुरू झाला) पार करून लाहौलच्या बाजूला जा. रोहतांग खिंडीत जायला परवाना लागतो आणि मंगळवारी तो रस्ता पर्यटकांना बंद असतो. राफ्टिंग नग्गरहूनही जमतं, ब्यास तीच आहे. फक्त वयाची अट काय ते आधी विचारा आणि हेल्मेट, जॅकेट नीट बसतंय का ते स्वतः ओढून बघा. राग मनालीचा नाही हो, मेमधल्या मॉल रोडवरच्या वाहतुकीचा आहे.

तळ्यात_मळ्यात
मेथीलाडूताई, लाकडी घरांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझा जीव या विषयात अडकलेला आहे, तेव्हा लांबलं तर माफ करा.

तिकडच्या जुन्या बांधकामाला काठकुणी म्हणतात. देवदाराच्या तुळया आणि सुके दगड यांचे थर एकावर एक, कोपऱ्यात तुळया एकमेकींत अडकवलेल्या, चुना-सिमेंट काही नाही. जमीन हलली की भिंत थोडी हलते, तडकत नाही. सगळ्यात भारी नमुना बंजारजवळच्या चेहणी गावात आहे, चेहणी कोठी. गावाच्या मधोमध उभा मनोरा. १९०५ च्या कांगडा भूकंपात वरचे मजले गेले, तरी उरलाय तो बघताना मान मोडते. दार बरंच वर, आणि तिथे जायला खाचा पाडलेला झाडाचा ओंडका हीच शिडी. ती देवीची जागा आहे, ओंडक्यावर चढून फोटो काढायला जाऊ नका. गाडी खाली बागीला, शृंगी ऋषींच्या देवळापाशी सोडून चढत जावं लागतं. सासूबाईंनी देवळापाशीच बसावं, तेही काठकुणीच आहे.

नग्गरचा किल्ला म्हणजे खरं तर राजाचा वाडा. कुल्लूची राजधानी पूर्वी इथे होती. आता तिथे सरकारी हॉटेल आहे, पण राहिलं नाही तरी तिकीट काढून बघता येतो. आवारात जगतीपट नावाची शिळा आहे. देवांनी मधमाश्या होऊन ती डोंगरावरून उडवत आणली, अशी गोष्ट. त्याच गावात वरच्या अंगाला निकोलाय रोरिक या रशियन चित्रकाराचं घर. १९२८ मध्ये आले आणि १९४७ मध्ये तिथेच वारले. त्यांची हिमालयाची चित्रं खालच्या दालनात आहेत. मुलं कंटाळतील, तुम्ही नका कंटाळू.

आणि १४ मेच्या सुमारास असाल तर मनालीच्या हिडिंबा देवळात ढुंगरीची जत्रा असते. देऊळ १५५३ चं. गावोगावचे देव पालख्यांतून येतात. पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या सासूबाईंना ते कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

रस्सावाटी
हे मात्र मला माहीत नव्हतं. तीनदा जाऊन आलो आणि हिडिंबेसमोर याकवर बसलेला फोटो तेवढा आहे.

कडीपत्ता
खाण्याचं: सिड्डू सोडू नका. वाफवलेली जाड भाकरी म्हणा, आत अक्रोड किंवा खसखस, वर तुपाची धार. लिंगडी म्हणजे नेच्याच्या कोवळ्या कोंबांची भाजी, होमस्टेवाल्यांना आधी सांगितलं तर करतात. सफरचंदं मेमध्ये झाडावर हिरवी गोट्यांएवढी असतात, मुलांना तसं सांगून ठेवा. आलेपाक भरपूर न्या, जलोडीचा चढ शेवटी फार खडा आहे.

मेथीलाडू
सगळ्यांचे आभार! टूरवाल्याला नाही म्हणून टाकलं. नवरा अजून विचारतोय, 'सिमला न बघता परत यायचं?' एक प्रश्न: गुशैणीला मुलाला मासेमारी करता येईल का?

घाटमाथा
ट्राउट आहेत, इंग्रजांनी आणून सोडलेले. मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो, गावात कुणीही सांगेल. शिवाय ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची वाट तिथूनच जाते (२०१४ पासून जागतिक वारसा). मुख्य उद्यानात शिरायला परवाना लागतो, पण त्याआधीचा नदीकाठचा पट्टा मुलांना पुष्कळ झाला.

मेथीलाडू (जूनमध्ये)
जाऊन आलो! दोन मुक्कामांचा बेत तंतोतंत पाळला.

आधी रड: ठरवलेल्या गाडीवाल्याने जिभीला पोचल्यावर 'जलोडी मेरी गाडी नहीं चढ़ेगी' म्हणून हात वर केले. स्थानिक गाडीचे वेगळे पैसे गेले. ठरवतानाच 'जलोडी' हा शब्द उच्चारून हो म्हणवून घ्या.

बाकी सेरोलसरला मुलगी स्वतःच्या पायांनी गेली आणि बाबाच धापा टाकत होते. पक्षी दिसला नाही. मासा मिळाला नाही, मुलगा तीन तास गप्प बसला हाच चमत्कार. चेहणीला सासूबाईंना खाली बसवायचं ठरलं होतं. आम्ही वर पोचून पाणी पितोय तोवर त्या काठी टेकत, एका गावातल्या बाईचा हात धरून हजर. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि बोलणं काही थांबलं नव्हतं. बर्फ बोगद्यापलीकडे मिळाला, रस्त्याकडेचा मातकट ढीग. सासूबाईंनी हात लावला, म्हणाल्या, 'फ्रीजमधल्यासारखाच आहे गं.'

निवृत्त_टीसी
तिकीट कन्फर्म मिळालं होतं ना?

मेथीलाडू
हो काका, आठच्या ठोक्याला बसले होते.

कडीपत्ता
होमस्टेचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करणार का? आमचं ऑक्टोबरचं चाललंय.

मेथीलाडू
केलाय. लिंगडी तेव्हा मिळणार नाही, सिड्डू मागा.