मदत हवी आहे : ठोके पूर्ववत झाले, मग रक्त पातळ करायची गोळी कशाला?

उंबरठा : बाबांच्या ईसीजीत ठोके अनियमित आले, गोळी सुरू झाली. दोन दिवसांत ठोके आपोआप जागेवर. आता म्हणतात, मला काही होत नाही, गोळी घेणार नाही. ठोके चुकल्याने गुठळी कशी होते? लवकर सांगा, पाकीट हातात धरून बसलेत.

टिकटिक : कुठली अनियमितता? गोळीचं नाव? वय? बीपी, शुगर?

उंबरठा : ७१. बीपी आहे, शुगर नाही. एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) लिहिलंय. गोळी अपिक्साबान.

साधा_माणूस : माझ्या काकांना अ‍ॅस्पिरिनवर दहा वर्षं काही झालं नाही. तीच द्या.

टिकटिक : काकांचं नशीब. एएफमधल्या गुठळीला अ‍ॅस्पिरिन पुरत नाही. उंबरठा, एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला हातमोज्याच्या बोटासारखी एक पिशवी असते. रक्त तिच्यात शिरतं, पण जोरात बाहेर ढकललं जात नाही, तिथेच थिजतं. झडपेचा आजार नसेल तर ९० टक्क्यांच्या आसपास गुठळ्या तिथेच सापडतात. तुकडा सुटला की थेट मेंदूकडे. आणि ठोके जागेवर आले तरी ती पिशवी काही आठवडे सुस्तच राहू शकते. शिवाय एएफ न कळता परत येतो. गुठळीचा धोका गुण देऊन मोजतात; वय आणि बीपी मिळून बाबांचे दोन गुण होतात, म्हणून गोळी.

काकू_ऑनलाइन : वॉरफरिनवर, म्हणजे रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीवर, आयएनआर (रक्त किती सावकाश गोठतं त्याचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो हं, दर महिन्याला सुई!

टिकटिक : काकू, ते वॉरफरिनचं. अपिक्साबानला आयएनआर लागत नाही. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मायट्रल झडप, म्हणजे डाव्या दोन कप्प्यांमधली झडप, आकसलेली नाही ना? तसं असेल किंवा धातूची झडप असेल तर मात्र वॉरफरिनच.

उंबरठा : इकोत झडपा ठीक आहेत.

साधा_माणूस : अवांतर : ठोके मोजायला घड्याळ कुठलं चांगलं?

टिकटिक : वेगळा धागा काढा. उंबरठा, ही गोळी दिवसातून दोनदा असते. सकाळची घेतली ना?

उंबरठा : नाही. काल सकाळपासून बंदच आहे.

टिकटिक : अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! आत्ताची एकच द्या, राहिलेल्या भरून काढायला दोन नकोत. आणि डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं तर इथे न लिहिता थेट हॉस्पिटल.

उंबरठा : घेतली. त्या पिशवीचं वाचून दाखवलं, तेव्हा कुठे पाणी मागितलं. फोन लावतोय.