सासऱ्यांच्या पहिल्या छिंगमिंगला ब्रशने काय लिहू?

तुळस, सिंगापूर
माझे सासरे गेल्या वर्षी गेले. घराणं मूळचं चीनमधल्या फुजियान प्रांताचं. रोज सकाळी टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून ते ब्रशने अक्षरं काढत बसायचे. त्यांचे ब्रश, शाईची कांडी आणि दगडी दौत सासूबाईंनी माझ्या हवाली केलीय. एप्रिलमध्ये छिंगमिंग आहे, तेव्हा कबर साफ करून पूर्वजांपुढे अन्न आणि उदबत्ती ठेवतात. त्या दिवशी माझ्या हातचं काहीतरी बाबांपुढे ठेवावं असं फार वाटतंय. घरच्या देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या पाटीवर त्यांचं नाव मी लिहिलं तर चालेल का? सुरुवात कशाने करू?

बोरू, तैपेई
तुळस, पाटीला हात लावू नकोस. तो विधी वेगळा. परंपरेप्रमाणे पाटीवरचं शेवटचं अक्षर वरच्या ठिपक्याशिवाय लिहितात. मग मानाच्या माणसाच्या हातून लाल शाईने तो ठिपका देतात आणि तेव्हापासून पूर्वज तिथे आले असं मानतात. तुमच्याकडे हे कोण करतं ते सासूबाईंना विचार.

तू कागदावर लिही, आणि सरावाला थांग काळातला चिनी सुलेखनकार येन चनछिंग याचा, त्याच्या घराण्याच्या देवळाचा शिलालेख घे. सत्तरी ओलांडल्यावर, सन 780 मध्ये त्याने तो आपल्या वडिलांसाठी लिहिला. दगडाच्या चारही बाजूंवर अक्षरं आहेत, आज तो शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे. वाडवडिलांसाठी लिहायचं तर याहून योग्य कित्ता मला माहीत नाही. आडव्या रेघा बारीक, उभ्या भरदार, प्रत्येक अक्षर पाय रोवून उभं.

आधी फक्त आडवी रेघ. ब्रश सरळ उभा धर. टोक आधी किंचित डावीकडे ने, दाब, मग उजवीकडे वळ. रेघ संपताना पुन्हा दाबून टोक मागे घे, म्हणजे दोन्ही कडा गोलसर येतात. घाई केलीस की मधला भाग लगेच पोकळ दिसतो.

शाई बाटलीतली घेऊ नकोस, बाबांची कांडीच उगाळ. दौतीत थोडंसं पाणी, हलका हात, सावकाश गोल. काजळी आणि सरस यांची ती शाई, दुसऱ्या दिवशी वास मारते, म्हणून लागेल तेवढीच कर. मला विचारशील तर आदर इथूनच सुरू होतो.

आणि येनचाच पुतण्यासाठीचा शोकलेख फोटोत तरी बघ. सन 758 चा, बंडात मारल्या गेलेल्या पोरासाठी लिहिलेला कच्चा खर्डा. खोडलेले शब्द, मध्येच कोरडा पडलेला ब्रश, सगळं तसंच आहे. मूळ इथे तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात जपलंय. अक्षर देखणं आलं नाही म्हणून थांबू नकोस, एवढ्यासाठीच हे सांगतेय.

निळाई
ब्रश कडक झाले असतील तर गार पाण्यात भिजव, गरम पाण्याने केस सुटतात. सरावाला बांबूचा पिवळसर, चौकटी आखलेला कागद पुरतो. श्वानचा कागद, म्हणजे सुलेखनाचा पारंपरिक चिनी कागद, शेवटी घे, शाई फार पटकन शोषतो.

तुळस, सिंगापूर
बोरूताई, मनापासून आभार. पाटीचं विचारलं ते बरं झालं. मजकूर काय लिहू?

बोरू, तैपेई
तो सासूबाईंना निवडू दे. बाबा नेहमी लिहायचे अशी एखादी ओळ त्यांना नक्की आठवेल. मोठी अक्षरं वरून खाली येऊ देत, डावीकडे बारीक अक्षरात तारीख आणि 'सून' म्हणून तुझं नाव. नाव काळ्या शाईतच लिही हं, जिवंत माणसाचं लाल शाईत लिहीत नाहीत.