जांबोटीकडच्या खडीवर पुढचं चाक सुटतंय, काय करावं?

आम्ही चौघं मित्र रविवारी बेळगावहून खानापूर तालुक्यात फिरतोय. माझी गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बाईक. जांबोटीच्या पुढं आतल्या गावाकडं वळलो, तिथं नवी खडी टाकलेली. वळणावर पुढचं चाक साबणावरनं गेल्यागत सुटलं, गुडघा सोलला. तेव्हापासनं खडी दिसली की हात आपोआप आवळतोय.

> हात आवळला की चाक जास्तच सुटतं, भावा. पायदानावर उभा राहा, टाकी गुडघ्यांत धर, हँडल सैल सोड. चाक थोडं हलू दे, आपलंआपण सरळ होतंय. ब्रेक वळणाआधीच. हवा किती ठेवलीस?

पुढं २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागं ३२, कंपनीनं सांगितलेली.

> खडीपुरती पुढं २२ कर. फार उतरवू नको, ट्यूबचे टायर आहेत, दगडावर रिम आपटली की ट्यूब चिमटते. डांबरी लागली की परत भर.

> आणि एकामागं एक चिकटून जाऊ नका. तिकडची जांभ्याची तांबडी धूळ उठली की पुढचा दिसत नाही. ती खाली बसेपर्यंत थांबायचं. माझा मित्र तसाच धुळीत पुढं गेला नि थांबलेल्या गाडीवर जाऊन आदळला, मनगट मोडलं.

रविवारी कणकुंबीपर्यंत जातोय, पुढं २२ ठेवून. उभं राहायची सवय आधी गावाबाहेरच्या माळावर करतो.