विज्ञानाच्या तासिकेत तंत्रज्ञान नेमके कोठे आणावे?

मूळ प्रश्न
मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. वर्गात प्रोजेक्टर आला, परंतु माझ्या टाचणात (तासिकेच्या लेखी नियोजनात) तंत्रज्ञान म्हणजे ‘शैक्षणिक साधने’ या रकान्यात नोंदवलेला एक व्हिडिओ, एवढेच उरले आहे. मागच्या आठवड्यात विद्युत परिपथाचा व्हिडिओ दाखवला. मुले शांतपणे पाहत होती, म्हणून मीही निश्चिंत होते. दुसऱ्या दिवशी मात्र निम्म्याहून अधिक मुलांनी सांगितले की, बल्बमधून जाताना विद्युतधारा थोडी खर्च होते. ३५ मिनिटांच्या तासिकेत बसेल आणि मुलांच्या हाती मोबाइल-संगणक नसतानाही चालेल, असे काही सुचवावे.

प्रतिसाद १
मॅडम, मुले कोठे अडली हे आपल्याला कळले आहे. साधन तेथेच वापरावे. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन्स (पडद्यावरचे आभासी प्रयोग) विनामूल्य आहेत, आणि ती आधी उतरवून घेतल्यास इंटरनेटविनाही चालतात. त्यातील परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा बल्ब आणि बल्बच्या दोन्ही बाजूंना विद्युतधारा मोजणारा एकेक ॲमीटर जोडावा. कळ दाबण्यापूर्वी प्रत्येकाने दोन्ही आकड्यांचा अंदाज वहीत लिहिलाच पाहिजे. ही पायरी गाळली तर तोही एक व्हिडिओच होतो. दोन्हीकडे ०.९ अँपिअर दिसले की लगेच स्पष्टीकरण देऊ नये. ‘मग खर्च काय होते?’ एवढेच विचारून थांबावे. धारा नव्हे, ऊर्जा खर्च होते हा मुद्दा मुलांकडूनच येऊ द्यावा आणि त्यानंतर दुसरा बल्ब एकसरीत (त्याच मार्गात पहिल्याच्या पुढे) जोडून पुन्हा अंदाज घ्यावा.

प्रतिसाद २
वरील सल्ला योग्य आहे, फक्त खराखुरा बल्ब आणि सेल आधी हाताळू द्यावेत, कारण सिम्युलेशनमधील तार कधी सैल होत नाही. सगळ्या वर्गाचे उत्तर एकदम हवे असेल तर ‘प्लिकर्स’ हे ॲप पाहावे. प्रत्येक मुलाकडे छापील कार्ड असते, निवडलेल्या पर्यायाची बाजू वर करून ते धरायचे, आणि शिक्षकाने आपल्या एकाच फोनच्या कॅमेऱ्याने वर्ग टिपायचा. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एरिक माझुर यांच्या पद्धतीनुसार साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली, तर मुलांना शेजाऱ्याशी चर्चा करायला लावून तोच प्रश्न पुन्हा विचारतात. त्याहून कमी आली तर संकल्पनाच पुन्हा शिकवावी लागते.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. असे बहुपर्यायी प्रश्न रचण्यातच माझा वेळ जातो. त्यासाठी एआयची मदत घ्यावी का?

प्रतिसाद १
जरूर घ्यावी, पण संपूर्ण टाचण मागू नये. ते दिसते गोंडस आणि कोणत्याही वर्गाला लागू पडते, म्हणजे आपल्या वर्गाला नाही. मुलांची नेमकी चुकीची समजूत लिहून तिच्यावर आधारित चार पर्याय मागावेत आणि प्रत्येक स्वतः तपासावा, कारण ‘चुकीचा’ म्हणून दिलेला पर्यायही कधीकधी बरोबर निघतो. मुलांची नावे व गुण त्यात घालू नयेत.

मूळ प्रश्नकर्ती
सोमवारच्या टाचणात ‘साधने’ हा रकाना रिकामा ठेवून, आधी ‘मुलांचा अंदाज’ असा नवा रकाना आखला आहे. वीज गेली तर फळ्यावर दोन ॲमीटर काढून आकडे झाकून ठेवीन.